नक्कल मिळण्याची खिडकी

मी कोर्टात नोकरी करते म्हटलं की लोक आवाज खाली करतात. लग्नात शेजारी जेवायला बसलेली बाई हळूच विचारते, "भीती नाही वाटत का हो तिथं?" आणि जेवणं झाली की तीच बाई खुर्ची ओढून माझ्याजवळ येते. "सांगा ना काहीतरी तिकडचं." माझी बहीण तर पाहुण्यांना माझी ओळखच अशी करून देते, "ही आमची वंदना. हिला कोर्टातलं विचारा, चहा गार होईल पण ही थांबायची नाही."

आता यात माझा काही दोष नाही. मी बसते ती जागाच तशी आहे. नाशिकच्या कोर्टात नक्कल विभागाची खिडकी माझ्याकडे आहे. नक्कल म्हणजे कोर्टातल्या कागदाची सही-शिक्क्याची प्रत. निकालाची हवी असो, साक्षीची हवी असो, आजोबांच्या काळातल्या दाव्याची हवी असो, अर्ज माझ्याकडे द्यायचा आणि कागद माझ्याकडून न्यायचा. वरच्या मजल्यावर माणसं भांडायला येतात. माझ्याकडे येईपर्यंत बहुतेकांचं भांडण संपलेलं असतं. जिंकलेला असो की हरलेला, माणूस मोकळा झालेला असतो, रांगेत उभा असतो, आणि समोर मी असते. मग तो बोलतो. रोज एक जरी बोलला तरी एवढ्या वर्षांत किती झाले, तुम्हीच बघा.

आमच्या खोलीत आम्ही तिघं. एक मी. दुसरे आमचे गायधनीसाहेब, जे प्रत्येक नक्कल सही करण्याआधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. आणि तिसरे बागूलभाऊ, सटाण्याकडचे, दप्तरखान्यातून जुनी दप्तरं, म्हणजे निकाली दाव्यांचे कागदांचे गठ्ठे, काढून आणणारे. गायधनीसाहेब फारसे बोलत नाहीत आणि बागूलभाऊ अहिराणीतच बोलतात, त्यामुळे दोघांचं अगदी छान जमतं.

*

देवळ्याच्या पलीकडच्या गावातून एक आजी आल्या. पार्वताबाई. सोबत मुलगा होता. मुलगा म्हणजे टक्कल पडलेला, स्वतः आजोबा झालेला माणूस. आजींनी फार वर्षांपूर्वी सामाईक विहिरीच्या पाण्याचा दावा जिंकला होता. आता विहिरीवर नवी मोटर बसवायची होती आणि पुतण्या आडवा आला होता. काकूचा हक्क कुठं लिहिलाय ते दाखवा, म्हणत होता. घरातली निकालाची प्रत उंदरांनी कुरतडून टाकलेली.

मी विचारलं, "आजी, दाव्याचा नंबर सांगा."

"नंबर नाय मला माहीत."

"बरं, वर्ष?"

"वर्स बी नाय ध्यानात. पर निकाल लागला तवा मला सातवा महिना व्हता. ह्याच्या वक्ताला." त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. मुलगा लाजला आणि खिडकीच्या बाजूला सरकला.

मला वाटलं, काम झालं. मी मुलाचं आधार कार्ड मागितलं. जन्मतारीख, एक जून. मागून बघणाऱ्या बागूलभाऊंनी कपाळाला हात लावला. आमच्या भागात त्या वयाच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकून देत.

"निदान वर्ष तरी खरं आहे का?" मी विचारलं.

"मास्तर म्हनला, पोरगं अंगानं थोराड हाय, टाकू का वाढवून? म्या म्हनलं टाक."

इतका जुना दावा कॉम्प्युटरमध्ये नव्हता. बागूलभाऊंनी अंदाजानं दप्तरं काढली, धुळीनं पांढरे होऊन आले, पण त्यात हा दावा काही सापडेना. आजी परत आल्या, पुन्हा परत आल्या. तिसऱ्या खेपेला त्या बाकावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "दिरालाच इचारू का? दावा त्याच्यावरच तर व्हता."

मुलगा घाबरला. "आई, काका बोलत नाहीत आपल्याशी. किती वर्षं झाली."

"बोलत नाय. पर फोन तर उचलंल."

मुलानं नाइलाजानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आजी खिडकीशी येऊन फोनवर वाकल्या. "भाऊजी, मी पार्वता बोलतीय. आपल्या दाव्याचा नंबर काय व्हता हो?"

 रांगसुद्धा ऐकायला पुढे सरकली. पलीकडून एका म्हाताऱ्या आवाजानं दाव्याचा नंबर सांगितला, वर्ष सांगितलं, निकालाची तारीख सांगितली आणि जजसाहेबांचं नावही सांगितलं. मी भराभर लिहून घेतलं.

आजींना आश्चर्य वाटलं. "एवढं कसं राह्यलं तुमच्या ध्यानात?"

"वहिनी, जिकल्या तुमी. हरलो मी. मंग ध्यानात कोनाच्या राहनार?"

 लगेच फोनमधून पुन्हा आवाज आला, "माझंच पोरगं आडवं लावतंय ना? तिथं गेल्याच हायेत, तर माझ्यासाठी बी एक नक्कल काढा. म्या स्वता वाचून दावतो त्याला."

आजींनी दोन नकला नेल्या.

*

मनमाडचा एक तरुण अपघाताच्या दाव्यातली नक्कल न्यायला आला होता. रेल्वेत नोकरी आणि फावल्या वेळात गणपतीच्या, गॅदरिंगच्या कार्यक्रमांत मिमिक्री. त्याच्या दाव्याला तारखा बऱ्याच पडल्या होत्या आणि तेवढ्या वेळात त्यानं जजसाहेबांचा आवाज पुरता उचलला होता.

दुपारची वेळ. झेरॉक्स मशीन बंद पडलेलं, रांग कंटाळलेली. कोणीतरी त्याला म्हणालं, कर ना काहीतरी. त्यानं घसा साफ केला आणि जजसाहेबांच्या आवाजात म्हणाला, "वकीलसाहेब, तयारी नाही तर आलात कशाला?"

रांगेत हशा पिकला. पण आत गायधनीसाहेब डबा खात होते. आवाज कानावर पडताच ते ताडकन उठले, डब्याला झाकण लावलं, हात पुसले आणि लगबगीनं दाराशी येत, अजून बाहेर न बघताच म्हणाले, "साहेब, आपण कशाला खाली आलात? मला वर बोलवायचं."

तो पोरगा भिंतीआड उभा होता. भीतीनं त्याचा स्वतःचा आवाज फुटेना, तोंडातून आला तो जजसाहेबांचाच. "असू द्या. तुम्ही जेवून घ्या आधी."

"बरं, साहेब," म्हणून गायधनीसाहेब परत आत गेले आणि डबा उघडून जेवायला बसले.

मी तोंडात पदर कोंबला. शेवटी बागूलभाऊंनी जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं. साहेबांनी डबा संपवला, हात धुतले, मशीन सुरू झाल्यावर त्या पोराची नक्कल समोर घेतली, नेहमीसारखी शेवटपर्यंत वाचली. मग त्याला आत बोलावलं. पोरगा दबकत आला. साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा बघितलं, कागदावर शिक्का मारला आणि शिक्क्यावर जे असतं तेच मोठ्यानं वाचून दाखवलं.

"खरी नक्कल."

*

नाव पुकारण्याचं काम सोपं वाटतं. एकदा मी "रामदास निवृत्ती शिंदे" असं पुकारलं. मनमाडचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी पुढे आले, सही केली, कागद घेतला आणि बाकावर जाऊन वाचायला बसले. त्यांचा शेजाऱ्याशी कंपाउंडच्या भिंतीचा दावा होता.

थोड्या वेळानं ते खिडकीशी आले. चेहरा गोंधळलेला.

"मॅडम, मी निर्दोष सुटलोय."

"अरे वा," मी म्हटलं.

"पण मी कोंबड्या चोरल्या कधी?"

मी कागद बघते तोवर चहा प्यायला गेलेले दुसरे गृहस्थ परत आले. त्यांचंही नाव रामदास निवृत्ती शिंदे. हे येवल्याकडचे. त्यांना मी त्याआधीच त्याच नावाचा दुसरा कागद दिला होता, तो हातात धरून ते म्हणाले, "ताई, ह्याच्यात लिहिलंय माझी भिंत शेजारच्याच्या जागेत गेलीय. मला तर शेजारीच नाय. मी मळ्यात राहतो."

दोघांनी कागद बदलले. म्हणजे येवलेकरांनी लगेच पुढे केला. मनमाडकरांच्या हातातून मात्र सुटेना.

"द्यायचा तर आहेच," ते म्हणाले. "पण वाचून फार बरं वाटलं होतं हो. 'आरोपीविरुद्ध कोणताही पुरावा आढळून येत नाही.' असं माझ्याबद्दल आजवर कोणी लिहिलं नव्हतं. घरीसुद्धा नाही."

येवलेकरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भिंतीचं काय झालं मग?"

"हरलो. पाडायची आहे."

"मग नंबर घ्या माझा. मी गवंडी आहे."

*

पावसाळा संपता संपता एक वकीलसाहेब धावतपळत आले. अपिलासाठी मुंबईला जायचं होतं, नक्कल तातडीची हवी होती. बागूलभाऊ दप्तरखान्यात गेले आणि हात हलवत परत आले.

"दप्तर सापडनं, पन काढता येत नई."

"का?"

"त्यावर मांजर व्यायनी शे."

वकीलसाहेबांना आधी वाटलं, गंमत करतायत. आत जाऊन बघतात तर खालच्या फळीवर, नेमकं त्यांच्याच दप्तरावर, एक करडी मांजर पिल्लांना घेऊन पसरलेली. ते बागूलभाऊंना म्हणाले, "सरकवा तिला."

"ती बाळंतीन शे, साहेब. तुमीच उठाडा."

वकीलसाहेबांनी कोटाच्या बाह्या मागे घेतल्या आणि हात पुढे केला. मांजरीनं नुसतं तोंड उघडून दाखवलं. साहेबांनी बाह्या परत खाली केल्या.

आता तातडीची नक्कल वेळेत देता येत नसेल तर अर्जावर कारण लिहावं लागतं. गायधनीसाहेबांनी पेन घेतलं, बराच विचार केला. त्यांना खोटं लिहिता येत नाही. त्यांनी लिहिलं, "दप्तर उपलब्ध आहे. परंतु दप्तरावर मांजर व्यायली असून ती हलू देत नाही. आदेशार्थ सादर."

कागद वर जजमॅडमकडे गेला. आम्ही सगळे वाट बघत होतो. परत आला तेव्हा खाली मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "मांजरीस दूध द्यावे. नक्कल आजच द्यावी."

बागूलभाऊंनी कँटीनमधून दूध आणलं. मांजर बशीकडे गेली, तेवढ्यात त्यांनी पिल्लं एका रिकाम्या खोक्यात अलगद ठेवली आणि दप्तर सोडवलं. वकीलसाहेबांना संध्याकाळच्या आत नक्कल मिळाली. फक्त निकालाच्या शेवटच्या पानावर मांजरीच्या ओल्या पायाचा ठसा उमटला होता, तो झेरॉक्समध्येही तसाच्या तसा आला. मूळ कागदावर आहे म्हटल्यावर गायधनीसाहेब तो पुसणार कसा? त्यांनी त्याच्या शेजारी सही केली.

मुंबईला सुनावणीच्या वेळी तिथल्या न्यायमूर्तींनी ते पान वर धरून विचारलं म्हणे, "हे काय आहे?"

आमचे वकीलसाहेब उठून म्हणाले, "माय लॉर्ड, ती या दाव्यात पक्षकार नाही."

*

हल्ली लग्न जमवताना पत्रिका नंतर बघतात, आधी मोबाईलवर कोर्टाच्या वेबसाइटला मुलाचं नाव टाकतात. गंगापूर रोडच्या निकममावशींनी तेच केलं. भाचीचं लग्न ठरत आलेलं, भाचीला मुलगा मनापासून आवडलेला, साखरपुड्याची तयारी सुरू. मावशींनी सहज नाव टाकलं आणि समोर आलं, सरकार विरुद्ध तो मुलगा.

मावशी माझ्या खिडकीवर आल्या तेव्हा अगदी रडवेल्या झाल्या होत्या. "मुलाला विचारलं तर हसतो आणि म्हणतो, 'मावशी, काही विशेष नाही.' माझ्या मेहुण्यांनी तर साखरपुडा थांबवलाय. पोरगी जेवत नाहीये. मला सांगा, केस कसली आहे?"

मी सांगितलं, तुम्ही त्या केसमधल्या नाहीत, त्यामुळे नक्कल का हवी याचं कारण अर्जात लिहावं लागेल, मग साहेब ठरवतील. कारणाच्या जागी वकील लोक लांबलचक लिहितात. मावशींनी एका ओळीत लिहिलं, "मुलगी द्यायची आहे."

साहेबांनी अर्ज वाचला आणि मंजूर केला.

नक्कल हातात आल्यावर मावशींनी ती उघडायलाच नकार दिला. "तुम्हीच वाचा. मला धीर नाही होत."

मी वाचू लागले. मिरवणुकीची वेळ संपल्यानंतरही आरोपी ढोल वाजवत असल्याचे आढळून आले. थांबण्याची सूचना दिली असता आरोपीने "एवढा ठेका पूर्ण करतो" असे उत्तर देऊन वादन चालूच ठेवले. तपासणीत आरोपीने मद्यप्राशन केल्याचे आढळून आले नाही. आरोपीने गुन्हा कबूल केला. आरोपीस समज देऊन सोडण्यात येत आहे.

मावशी एकदम पुढे सरसावल्या. "परत वाचा बरं. ते दारूचं."

मी परत वाचलं.

"मिरवणुकीत, म्हणजे सगळे पीत असताना, हा प्यायलेला नव्हता."

"असं लिहिलंय."

"आणि हातात घेतलेलं अर्ध्यावर सोडत नाही."

"ते पण लिहिलंय."

"आणि विचारल्यावर कबूल केलं. खोटं बोलला नाही."

 मावशींनी नक्कल माझ्या हातातून घेतली, तिच्यावरचा शिक्का निरखून बघितला आणि पर्समध्ये ठेवली. "आमच्याकडे मुलं स्वतःबद्दल बायोडाटात काय वाटेल ते लिहितात. पोलिसांनी लिहून दिलेला आणि कोर्टानं शिक्का मारलेला मुलगा कुठं मिळतो सांगा."

जाताना त्यांनी मेहुण्यांसाठी अजून एका नकलेचा अर्ज केला. कारणाच्या जागी लिहिलं, "खात्री पटली आहे."

*

दत्तूभाऊ आले ते उन्हाळ्यात. त्यांचा घटस्फोट होऊन काही वर्षं झाली होती. आधी ते एका हॉटेलात आचारी होते, आता सातपूरला कारखान्यातल्या कामगारांसाठी स्वतःची खानावळ सुरू करत होते. माणूस सरळ, बोलताना मान खाली.

"मॅडम, मला माझ्या केसमधलं एकच पान पाहिजे."

"निकालाचं?"

"नाही. सुमनच्या साक्षीचं. आमच्या वकिलांनी तिला उलट प्रश्न विचारले होते ना, त्यातलं पहिलं पान."

बागूलभाऊंनी दप्तर आणलं, पान निघालं, आणि नेहमीप्रमाणे गायधनीसाहेब ते वाचू लागले. वाचता वाचता थांबले आणि पान माझ्याकडे सरकवलं. घरी बायकोची आबाळ होत नव्हती हे दाखवायला दत्तूभाऊंच्या वकिलांनी स्वयंपाकाचे प्रश्न विचारलेले दिसत होते. सुमनताईंची उत्तरं कोर्टाच्या भाषेत लिहिलेली होती.

"हे म्हणणे खरे आहे की, माझे पती घरी स्वयंपाक करीत असत. हे म्हणणे खरे आहे की, त्यांच्या हातचे मटण खाल्ल्यानंतर तसे मटण मी माहेरी किंवा इतर कोठेही खाल्लेले नाही."

मी विचारलं, "कशासाठी पाहिजे हो हे?"

"फ्रेम करून खानावळीत लावायचंय." मान अजून खालीच. "लोक पाटीवर लिहितात, आमच्याकडचं लय भारी. कोणीही लिहितं. हे शपथेवर सांगितलेलं आहे."

गायधनीसाहेबांनी सही केली. दत्तूभाऊंनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी छातीशी धरली आणि दारापर्यंत जाऊन परत वळले. "तिला तिच्या वकिलांनी सांगितलं होतं म्हणे, स्वयंपाकाचं काही विचारलं तर नाही म्हणा. ती तसं म्हणाली असती तर कोण काय करणार होतं? पण तिनं खरं सांगितलं." एवढं बोलून ते गेले.

काही महिने गेले. एक दिवस खिडकीवर एक बाई आल्या. नीटनेटकी साडी, खांद्याला पिशवी, बालवाडीत शिकवतात हे पुढं बोलण्यात कळलं. त्यांनी अर्ज पुढे केला. केसचा नंबर बघितला आणि मी मागे बागूलभाऊंकडे बघितलं.

"कोणतं पान पाहिजे, ताई?"

"त्यांनी नेलं, त्याच्या पुढचं."

मला हसू आवरणं कठीण झालं. सुमनताई मात्र गंभीर होत्या. "आमच्या शाळेतल्या शिपायाचा मुलगा तिथं जेवतो. तो म्हणाला, 'बाई, तुमची साक्ष भिंतीवर लावलीय.' मी जाऊन बाहेरून बघून आले. माझं बोलणं अर्धवट लावलंय. पुढचं पान कुठंय?"

बागूलभाऊ दप्तर घेऊन आले. पुढच्या पानाची पहिलीच ओळ होती, "साक्षीदार स्वतःहून सांगते की, मटण करताना ते घरातील सर्व भांडी वापरीत व नंतर ती सर्व भांडी मला एकटीलाच घासावी लागत."

गायधनीसाहेबांनी पान शेवटपर्यंत वाचलं. दोनदा खोकले. सही केली.

"याला पण तसाच शिक्का आहे ना, त्यांच्यासारखा?" सुमनताईंनी विचारलं.

"तसाच आहे."

"मग झालं." त्यांनी कागदाची घडीसुद्धा घातली नाही. तसाच हातात धरून ताठ चालत गेल्या.

त्यानंतर आमच्या खोलीत रोज तोच विषय. त्यांनी ते पान नेऊन दिलं असेल का? तोंडावर फेकलं असेल का? दत्तूभाऊंनी आपलं पान काढून टाकलं असेल का? बागूलभाऊंचं म्हणणं, भांडण होऊन पुन्हा केस येणार. माझं म्हणणं, ताई परत गेल्याच नसतील. गायधनीसाहेब आमच्या बोलण्यात कधी पडत नाहीत. पण एका शनिवारी त्यांनीच टेबल आवरता आवरता विचारलं, "सातपूरला जेवायला जायचं का?"

साहेबांनी आम्हाला याआधी कधी कुठं चला म्हटलेलं मला आठवत नाही. आम्ही लगेच निघालो.

खानावळ भरलेली होती. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. समोरच्या भिंतीवर दोन फ्रेम होत्या, शेजारी शेजारी, सारख्या आकाराच्या, दोन्हींवर आमचा शिक्का, खाली गायधनीसाहेबांची सही. नवीन आलेलं गिऱ्हाईक आधी पहिली फ्रेम वाचायचं, मान डोलवायचं, मग दुसरी वाचायचं आणि हसत हसत जागा शोधायचं. दुसऱ्या फ्रेमची काच जास्त स्वच्छ दिसत होती.

मटण आलं. मी काय सांगू त्याच्याबद्दल? बागूलभाऊ मान वर न करता जेवत होते. आमचे साहेब, जे डब्यातली पोळीसुद्धा मोजून मापून खातात, ते भाकरीनं ताटली पुसत होते.

मागच्या दारातून मोरी दिसत होती. तिथं दत्तूभाऊ बाह्या वर करून, पाठमोरे उकिडवे बसून, भलंमोठं पातेलं घासत होते. शेजारी अजून बरीच भांडी होती आणि ते कसलंसं गाणं गुणगुणत होते.

आणि गल्ल्यावर सुमनताई बसल्या होत्या.

त्यांनी आम्हाला ओळखलं. उठून टेबलापाशी आल्या. बागूलभाऊंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर गायधनीसाहेबांनी टेबलाखालून त्यांचा हात दाबला.

सुमनताईंनी आमच्या ताटांकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"रस्सा अजून वाढू का, साहेब?"

गायधनीसाहेबांनी वाटी पुढे केली.